गोडीत लिहिलेली फारकत

तुमच्या आईचा काळा कोट नांदेडला माझ्या कपाटात आहे. मागच्या वेळी तुम्ही दोघं आलात तेव्हा धाकटीने तो अंगात घालून पाहिला आणि विचारलं, "आजी, हा कोणाचा?" मी म्हणाले, "तुझ्या आईचा. ती वकील होती." तुम्ही हसलात. तुमच्या ओळखीची आई मेलबर्नला एका विमा कंपनीत संगणकासमोर बसते आणि शनिवारी तुम्हाला पोहायला नेते. ती म्हणाली, "आजीलाच विचारा," आणि खोलीतून निघून गेली.

मी तेव्हा काही सांगितलं नाही, कारण हे तोंडी सांगायला लागले की माझा आवाज चढतो. म्हणून लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत मी फार सभ्य होते. आयुष्यभर कॉलेजात ती भाषा शिकवल्याचा परिणाम. ज्या माणसामुळे तो कोट इथे राहिला, त्याच्याबद्दल मला सभ्य व्हायचं नाही. मराठी तुम्ही सावकाश वाचता, ते बरंच आहे.

या माणसाला सगळे आप्पा म्हणतात, मीही म्हणते. लातूरला त्यांची वकिलांची फर्म आहे. डाळमिलवाले, तेलवाले, आडत दुकानदार यांचे करार, कराच्या नोटिसा, बँकेचे कागद, न वटलेले चेक हे एका बाजूला. आणि साध्या घरगुती माणसांची मृत्युपत्रं, वाटण्या, वारस दाखले, घटस्फोट हे दुसऱ्या बाजूला. फर्मची नांदेडची शाखा आमच्या या घराच्या तळमजल्यावर होती. जिथे तुम्ही कॅरम खेळता, तिथेच. ती शाखा तुमचे आजोबा चालवत. ते आप्पांचे भागीदार. त्यांच्यानंतर ती खुर्ची तुमच्या आईची व्हायची होती. झाली नाही. ही हकीगत त्या खुर्चीची आहे, पण तिथे पोचायचं तर वाट आप्पांवरूनच जाते.

आप्पा मूळचे देवणीकडचे. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, वर काळा कोट, जो पुढे पुढे हिरवट दिसायला लागला तरी त्यांनी बदलला नाही. तोंडात कायम लवंग. पक्षकार बोलत असताना डोळे मिटून घेत, त्यामुळे नव्या माणसाला वाटायचं, वकीलसाहेब झोपले. मग तो गप्प व्हायचा. की लगेच आप्पा डोळे न उघडता म्हणत, "बोला की. खोटं आलं का पुढं?"

लातूरच्या त्यांच्या ऑफिसात पक्षकारांसाठी खुर्च्या नव्हत्या. एक लांब बाक होता. कोट्यधीश असो की घटस्फोट मागायला आलेला कंडक्टर, त्याच बाकावर. भांडणाऱ्या दोन बाजूंनाही शेजारी शेजारी बसवत. म्हणत, "अंगाला अंग लागलं की माणूस खोटं कमी बोलतो." मी एकदा म्हणाले, "आप्पा, मग लग्न झालेली माणसं एवढं खोटं कशी बोलतात?" ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं." ते वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

दुसरी सवय वाचनाची. सही होण्याआधी प्रत्येक कागद ते स्वतः उभे राहून, मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत. कागद इंग्रजीत असला तर वाचता वाचता मराठी करत जात. सगळ्यांनी ऐकायचं. मध्ये कोणी बोललं, कोणाचा फोन वाजला, की आप्पा थांबत, पानं उलटी फिरवत आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करत. निलंग्याच्या एका कापड व्यापाऱ्याचा फोन सारखा वाजत होता. त्याचा करार वाचण्यात अख्खी सकाळ गेली. शेवटी त्याच्या भागीदारानेच तो फोन घेऊन रस्त्यावरच्या पानटपरीवर ठेवून दिला.

पण आप्पांचं नाव झालं ते फारकतीमुळे. फारकत म्हणजे वेगळं होणं, तुटणं. आपल्याकडे नवराबायकोच्या काडीमोडीलाही हाच शब्द वापरतात. कोणी दोन माणसं भागीदारी लिहायला आली की आप्पा त्यांच्याकडून दोन कागद करून घेत. एक भागीदारीचा, आणि त्याच बैठकीत, त्याच पेढ्यांच्या ताटासमोर, दुसरा फारकतीचा. भांडण झालं तर कोणी काय घ्यायचं, एक जण मेला तर काय, एक वेडा झाला तर काय, नाव कोणाचं, जागा कोणाची, गिऱ्हाईक कोणाचं. हे सगळं पहिल्याच दिवशी.

लातूरच्या एका डाळमिलचे दोन दोस्त आले होते. शाळेपासूनचे. त्यातला एक म्हणाला, "आप्पा, आजचा दिवस शुभ. आज कुठं फारकतीचं काढता?"

"आज तुम्ही एकमेकाला ताटातलं काढून देऊन राहिले," आप्पा म्हणाले. "म्हणून आजच विचारतो. भांडल्यावर विचारलं तर ताट फेकून मारताल. माझा बाप बैल घेताना जू ठेवून बघत नव्हता. जू काढताना बैल कसा उभा राहतो, ते बघायचा. जुंपल्यावर सगळेच बैल चांगले असतेत."

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, यावर विनोद व्हायचे. 'आप्पाकडं लगीन लावायला गेलं की काडीमोड हातात घेऊनच बाहेर यावं लागतं.' पण ती डाळमिल पुढे खरंच मोडली. दोघं दोस्त एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आप्पांनी बाकावर शेजारी बसवलं, जुना कागद काढला, उभे राहून वाचला. एकाने मिल घेतली, दुसऱ्याने नाव आणि गंजगोलाईच्या बाजारपेठेतलं दुकान. कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही. आणि त्या कागदाचं शेवटचं कलम असं होतं की फारकतीच्या दिवशी दोन्ही बाजूंनी एका पंगतीत बसून जेवावं. आप्पांच्या प्रत्येक फारकतीत हे कलम असे. दोघं जेवले. म्हणे, एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ठेचा घे. तुला लागतो." आणि मग दोघंही रडले. लातूरपासून उदगीरपर्यंत ही गोष्ट लोक सांगत. आप्पा स्वतः सांगताना रडत. मी हे लिहून ठेवते, कारण हा माणूस नुसताच वाईट होता असं तुम्हाला वाटलं तर मी तुम्हाला चुकीचं शिकवलं असं होईल.

लग्नात जेवताना ते यजमानाला विचारत, "मृत्युपत्र केलं का?" बारशाला गेले तरी हेच. अहमदपूरच्या एका बाईने त्यांना सुनेच्या डोहाळजेवणातून चक्क उठवलं होतं. ती बाई पुढच्या महिन्यात मृत्युपत्र करायला त्यांच्याच बाकावर येऊन बसली.

आता आमचा कागद.

नांदेडची शाखा उघडली त्या दिवशी खाली पूजा होती. मोंढ्यातले बरेच लोक आले होते. तुमची आई तेव्हा शाळेतही जात नव्हती. आजोबांच्या नव्या टेबलाखाली बसून ऑफिसचे रबरी शिक्के स्वतःच्या हातावर, पायावर, फ्रॉकवर मारत होती. पूजा उरकली, लोक पेढे घेऊन गेले, आणि आप्पा उभे राहून वाचायला लागले. आधी भागीदारी, मग फारकत. मी आणि आजोबा बाकावर.

त्यांचा फारकतीचा मसुदा ठरलेला असे. व्यापाऱ्यांसाठी केलेला, तोच इथेही. एक जण वारला तर त्याच्या घरच्यांना फर्मचं नाव, फायली, पक्षकार यांवर हक्क नाही. त्या जागेत घरच्यांपैकी कोणी वकिली करायची नाही आणि फर्मच्या पक्षकारांचं काम पाच वर्षं घ्यायचं नाही. त्याच्या पुढचं कलम असं: परंतु भागीदाराचा मुलगा त्याच व्यवसायात असेल तर तो बापाच्या जागी भागीदार म्हणून बसेल.

इथे आप्पा थांबले. चष्म्यावरून तुमच्या आजोबांकडे पाहिलं. "हे कलम तुम्हाला कशाला? तुम्हाला पोरगा न्हाई."

"खोडा," आजोबा म्हणाले. "उगाच जागा अडवून राहिलंय."

आप्पांनी पट्टी मागितली, लाल शाईने सरळ रेघ मारली, बाजूला दोघांनी लहान सह्या केल्या. टेबलाखालून ठप ठप शिक्क्यांचा आवाज येत होता. आप्पा वाकून म्हणाले, "माय, वाचन चालू हाय. ठोकू नको." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

कोणाच्याही मनात आलं नाही. 'मुलगा' खोडून 'मुलगी' लिहायला त्याच शाईची तीन अक्षरं लागली असती. पण त्या काळी नांदेडच्या कोर्टात ज्या एक वकीलबाई होत्या, त्यांना लोक वाकून नमस्कार करायचे आणि काम त्यांच्या नवऱ्याकडे द्यायचे. व्यापाऱ्याच्या गादीवर मुलगी बसत नाही, हे आप्पांना जितकं साहजिक होतं, तितकंच तुमच्या आजोबांनाही. पुढे त्यांनीच तिला हौसेने कायदा शिकवला. पहिला कोट शिवायला स्वतः घेऊन गेले आणि शिंप्याला म्हणाले, "खिसे मोठे कर. पुढं हिला लई कागद ठेवायचेत." एवढं सगळं केलं, पण तो जुना कागद काढून त्यावरची रेघ बघावी, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांचे कागद बघण्यात जन्म गेला ना.

तुमची आई त्यांच्यासमोरच्या टेबलावर बसायला लागली. सुरुवातीला मोंढ्यातले लोक तिच्याकडे पाठ करून आजोबांशी बोलत. मग हळूहळू खुर्ची तिरकी करून बसायला लागले. एका खतवाल्याचा कराचा घोळ तिने एकटीने निस्तरला, तेव्हापासून ते "धाकट्या साहेब आहेत का?" असं विचारत यायचे. हदगाव, किनवटकडच्या बाया खास तिच्याकडे येत. घरात बोलता न येणारं तिच्याशी बोलत. आप्पा लातूरहून आले की तिचे मसुदे मागून घेत, लाल पेनाने खुणा करत आणि मला म्हणत, "वहिनी, पोरीची भाषा तुमची हाय आणि डोकं बापाचं. उलटं झालं असतं तर अवघड होतं."

मग तुमचे आजोबा गेले. कोर्टातून आले, पाणी मागितलं, मी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

आप्पा लातूरहून तडक आले. त्यांनी खांदा दिला. लातूर, नांदेड, दोन्ही ऑफिसं तेराव्यापर्यंत बंद ठेवली. एवढ्या व्यापाऱ्यांची कामं अडली तरी उघडली नाहीत. माझ्यासमोर जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. गोडाच्या जेवणाला स्वतः वाढायला उभे राहिले. मी तुमच्या आईला म्हणाले, "तुला आता काका आहेत." हे मी तेव्हा मनापासून म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. चपला बाहेर काढल्या. खाली ऑफिसात गेले आणि आम्हाला दोघींना बोलावलं. तुमची आई वडिलांच्या खुर्चीत बसली नव्हती, स्वतःच्याच टेबलाशी होती. आप्पा म्हणाले, "बेटा, हिकडं बाकावर बस. आईजवळ." मग पिशवीतून कागद काढला, उभे राहिले आणि वाचायला लागले.

मला पहिल्या पानावर काही कळलंच नाही. मला वाटलं, श्राद्धासारखंच काही असेल, त्यांच्या रीतीचं. नाव, फायली, पक्षकार, जागा, पाच वर्षं. तुमच्या आईचा चेहरा आधी बदलला. लाल रेघेशी आले तेव्हा आप्पांनी तीही वाचली: "पुढील कलम उभयतांच्या संमतीने खोडले आहे." त्याच क्षणी तिचा फोन वाजला. आजोबांच्या एका पक्षकाराचा, सांत्वनाचा. आप्पा थांबले. पानं उलटी फिरवली. आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं.

पोरांनो, मी पुष्कळ काही विसरले आहे. ते दुसरं वाचन विसरले नाही.

संपल्यावर तुमची आई शांतपणे म्हणाली, "आप्पा, हे बंदीचं कलम टिकत नाही. माणसाला त्याचा धंदा करायला अशी बंदी घालता येत नाही. करार कायदा तसं सांगतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे."

"हाव, माहीत हाय."

"मग?"

"मग कोर्टात जा की. तुझा हक्क हाय."

"आणि कोर्टात काय सांगू?"

"सांगायचं, माझ्या बापानं केलेली ही सही चालत न्हाई म्हणून."

आप्पा लवंग चघळत उभे होते. ते तिला टोचून बोलत नव्हते, हे आजही मला मान्य करावं लागतं. दावा कसा मांडायचा, ते एका ज्युनिअरला सांगत होते.

मी म्हणाले, "आप्पा, ती खुर्ची तिची आहे. तुम्ही तिला मसुदे शिकवलेत."

"वहिनी, पोरगी लाखात एक हाय. पण मी मोंढ्यातल्या लोकांना त्यांच्या सहीवर धरतो. भावाला भावाच्या सहीवर घराबाहेर काढलंय मी. माझ्याच घरच्या कागदाला वाकवलं, तर उद्या त्या बाकावर कोण बसल?"

'माझ्याच घरच्या' म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "शेवटचं कलम राहिलं."

एका पंगतीत जेवायचं. मी म्हणाले, "माझ्या घरात आज स्वयंपाक नाही." तर तुमची आई उठली आणि म्हणाली, "आई, वाढ. बाबांची सही आहे." मी भाकरी टाकल्या. वरण, शेंगदाण्याची चटणी, कालचं उरलेलं गोड. ती आणि आप्पा समोरासमोर बसले आणि मी वाढलं. तिने ताटात काही ठेवलं नाही, सगळं संपवलं. आप्पांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि हात धुताना म्हणाले, "वरणात हिंग जरा जास्त पडलाय, वहिनी." त्यांच्या मते घरोबा शाबूत होता.

संध्याकाळी हमालांनी फायली टेंपोत भरून लातूरला नेल्या. दुसऱ्या दिवशी पाटी काढली.

मी तिला म्हणाले, लढ. एकदा नाही, रोज म्हणाले. चहा देताना म्हणाले, कपडे घडी करताना म्हणाले. ती एकच उत्तर द्यायची. "बाबांच्या सहीविरुद्ध उभी राहू?" मग तिने कोर्टाजवळ एक खोली भाड्याने घेतली, स्वतःच्या नावाची लहान पाटी लावली. मोंढ्यातले लोक तिला रस्त्यात भेटत, थांबून हात जोडत, "धाकट्या साहेब, बरं हाय ना?" विचारत, आणि बसमध्ये बसून लातूरला जात. एक म्हातारे तेलवाले केशर आंबे घेऊन आले. पेटीच्या पेटी. खुर्चीत नीट टेकून बसले, पंख्याचा वारा घेतला, आजोबांच्या आठवणी काढल्या. जाताना ती म्हणाली, "काका, कोणी नवा माणूस असेल तर पाठवा." ते खाली बघून म्हणाले, "माय, आप्पाचा शब्द हाय ना मोंढ्यात." आंबे चांगले होते. आम्ही ते खाल्ले नाहीत, शेजारी वाटून टाकले.

किनवटकडून नव्या बाया मात्र काही दिवस येत राहिल्या. पण त्यांच्या कामावर खोलीचं भाडं निघत नव्हतं, आणि तिला माझ्याकडून पैसे घ्यायचे नव्हते. मग तुमच्या बाबांचं स्थळ आलं. मुलगा परदेशात म्हणून आधी तिने दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "चालेल." तुमचे बाबा चांगले आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती 'चालेल' कशी म्हणाली, ते मी ऐकलं आहे. तिकडची वकिलीची परीक्षा तिने दिली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता कागदांशी नातं ठेवायचं नाही." आणि कोट इथेच राहिला. मी दर दिवाळीआधी त्याला ऊन दाखवते, डांबराच्या गोळ्या बदलते. धाकटीला हवा असेल तर तिने सांगावं. खिसे मोठे आहेत.

आप्पांनी संबंध तोडला नाही. दर दिवाळीला ड्रायव्हरबरोबर अनारसे, आजोबांच्या तिथीला फोन. "वहिनी, लेक कशी हाय? सुखात हाय ना?" मी म्हणायचे, "आहे." आपण काही हिरावून घेतलं असं त्यांच्या आवाजात कधी जाणवलं नाही. हेच मला सर्वात कडू लागतं. चोराला निदान ठाऊक असतं की तो चोर आहे.

गेल्या हिवाळ्यात ते आले. काठी लागली होती, विभूती तशीच. बरोबर एक पाकीट. म्हणाले, "पोरगा फर्मची वेबसाइट करून राहिलाय. इंग्रजी लिहून घेतलंय कुणाकडून तरी. म्हणला, नांदेडच्या काकूंना दाखवून आणा, त्यांच्यासारखं इंग्रजी हिकडं कुणाचं न्हाई."

पाणी दिलं. चहा ठेवला. मग त्यांनी सांगितलं की आता ते फर्ममध्ये नाहीत. मुलगा भागीदार म्हणून आला होता तेव्हा त्याच्याशीही फारकत लिहिली होतीच, त्याच मसुद्यावरून. त्यात एका वयानंतर थोरल्या भागीदाराने बाजूला व्हायचं असं कलम होतं. ते वय झालं.

"बाकावर बसवलं मला," ते म्हणाले. "माझ्याच. आणि उभं राहून सगळं वाचलं पोरानं. मधी माझा फोन वाजला, तर पहिल्यापासून सुरू केलं. एक अक्षर गाळलं न्हाई."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाईट कशाचं? माझंच कलम. नंतर एका पंगतीत जेवलो." डोळे मिटून लवंग चघळत राहिले. मला त्यांच्या चेहऱ्यावर दुःख शोधायचं होतं. अभिमानच होता. थोडे थकलेले दिसत होते, पण ते काठीमुळेही असेल.

मी लाल पेन घेतलं आणि कागद तपासायला बसले. चूक दिसली की माझा हात थांबत नाही, मग कागद कोणाचाही असो. आमच्या सेवा: उद्योजकांसाठी, व्यक्तींसाठी. करार, कर, कर्ज, वसुली. मृत्युपत्र, वाटणी, वारसा. 'कौटुंबिक व्यवसाय पुढच्या पिढीकडे सोपवण्यासाठी विशेष सल्ला.' क्रियापदं चुकली होती, ती दुरुस्त केली.

आप्पा अचानक म्हणाले, "पोरगी लढली न्हाई."

मी वर पाहिलं.

"मी वाट बघत होतो. मला वाटलं, उलट नोटीस देईल. पहिल्या तारखेलाच मी सोडून दिलं असतं. ते कलम टिकत नव्हतंच. कोर्टानं सांगितलं असतं, तर मोंढ्याला काय बोलायला जागा नव्हती. मग बसवली असती तिला खुर्चीत, मीच." चहाचा घोट घेतला. "पण आलीच न्हाई. मी काय करणार?"

"एवढं ठाऊक होतं, तर वाचलंतच कशाला? तेही दोनदा?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. माझ्याकडे थोडं काळजीने बघत म्हणाले, "कागद होता ना, वहिनी."

मी पुन्हा खाली पाहिलं. पेन बाजूला ठेवलं, पदराने चष्मा पुसला. शेवटच्या पानावर एकच ओळ उरली होती, ठळक अक्षरात. तिचा अर्थ असा: आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाशी आम्ही आमच्या स्वतःच्या कुटुंबासारखंच वागतो.

मी ती दोनदा वाचली. भाषा बिनचूक होती. मजकूरही खरा होता. मी तिला हात लावला नाही.